केळीच्या खोडाचं कूलर-पॅनेल: शेवटच्या वर्षाच्या प्रकल्प नोंदी

५ ऑगस्ट २०२४

विषय मंजूर झाला. फॉर्मवरचं नाव दीड ओळीचं आहे, पण आमच्या ग्रुपमध्ये त्याला 'कूलर' एवढंच म्हणतात. केळीच्या खोडाचा धागा पॉलिस्टर रेझिनमध्ये (पातळ ओतायचं आणि मग घट्ट होणारं प्लास्टिक) घालून तीन मिलिमीटरचं पॅनेल करायचं, त्याची ताकद मोजायची आणि जमलं तर घरच्या कूलरला बसवून दाखवायचं.

कूलरच का? आमच्या रावेरकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो आणि घरोघरी लोखंडी पत्र्याचे कूलर घरघरत असतात. पाणी क्षाराचं. दोन-तीन उन्हाळ्यांत टाकीजवळचा पत्रा गंजून त्याचे पापुद्रे सुटतात. मग आप्पा त्यावर पुट्टी थापतात, आणि पुढच्या वर्षी पुट्टीसकट तुकडा हातात येतो. फायबरचे कूलर मिळतात, पण त्यातला धागा काचेचा. इकडे घड कापला की केळीचं खोड बांधावर कुजत पडतं. एका खोडाला घड एकदाच. त्यानंतर ते म्हणजे नुसती उचलून टाकायची मजुरी.

सर म्हणाले, "ताकद मोजा, पण कूलर पाण्यात उभा असतो. पाण्याचं काय?" आम्ही म्हटलं, ते नंतर बघू.

(एप्रिलमध्ये घातलेली ओळ: ते नंतरच बघितलं.)

१७ ऑगस्ट

धागा काढला. शेजारच्या गावात एकाकडे यंत्र आहे. खोडाची सोपटं सोलायची, एकेक सोपट फिरत्या पात्यांच्या रोलरपुढे अर्धं सरकवायचं आणि घट्ट धरून ओढून घ्यायचं. मग उलटं करून दुसरं टोक. गर खाली गळतो आणि हातात ओल्या केसांसारखा झुपका राहतो. पहिली पाच-सहा सोपटं माझ्या हातातून सुटून थेट आत गेली. यंत्रवाले दादा काही बोलले नाहीत, फक्त शेगडीवरचा चहा उतरवून आले आणि म्हणाले, "ताई, मनगट नको, खांदा लाव."

ऐंशी किलो खोडांतून वाळल्यावर जेमतेम सातशे ग्रॅम धागा. खोडात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं, हे वाचलं होतं. पण ट्रॉली भरून नेली आणि पिशवीभर आणली, तेव्हा ते खांद्याला कळलं. केळीचा चीक कपड्यांवरून जात नाही, हे मात्र केळीवाल्याच्या पोरीने विसरायला नको होतं. आईने तो कुडता फडक्यांत टाकला.

आप्पांना धागा दाखवला. फुलवाले ओलं सोपट फाडून हार ओवतात, ते त्यांनी पाहिलंय, त्यामुळे ताकदीबद्दल त्यांना शंका नाही. त्यांची शंका आमच्याबद्दल आहे.

२ सप्टेंबर

सामान आलं. आयसोफ्थॅलिक पॉलिस्टर रेझिन पाच किलो, ते घट्ट करणारा हार्डनर, त्याला वेग देणारा कोबाल्ट ॲक्सिलरेटर, मॅन्शन पॉलिश (साच्याला लावायला, फायबरवाले हेच वापरतात), मायलर शीट (प्लास्टिकची गुळगुळीत फिल्म).

दुकानदाराने हार्डनर आणि कोबाल्टच्या बाटल्या एकाच पिशवीत दिल्या होत्या. लॅबच्या मामांनी ती पिशवी पाहिली आणि त्यांचा चेहराच बदलला. ही दोन एकमेकांत थेट मिसळली तर भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये घालून नीट ढवळायचं, मग हार्डनर, आणि दोघांसाठी एकच चमचा कधीच नाही. मामांनी हार्डनर खिडकीकडच्या कपाटात ठेवला, कोबाल्ट दाराकडच्या, आणि दोन्ही कपाटांवर खडूने फुली मारली. मामा बारावीही नाहीत, पण या लॅबमध्ये कुणाची दहा बोटं शाबूत आहेत ती त्यांच्यामुळे.

१४ सप्टेंबर

पहिलं पॅनेल. गणपतीमुळे हॉस्टेल अर्धं रिकामं, लॅब आमचीच.

हिशेब असा. साचा ३०० × ३०० × ३ मिलिमीटर, म्हणजे २७० घनसेंटिमीटर. वजनाने २० टक्के धागा. धाग्याची घनता १.३५ धरली, रेझिनची १.२, तर मिश्रणाची येते १.२३ च्या आसपास. म्हणजे पॅनेल ३३१ ग्रॅमचं: ६६ ग्रॅम धागा, २६५ ग्रॅम रेझिन. धागा ३० मिलिमीटरला कापून हाताने पिंजून पसरला, वाटेल त्या दिशेने. चार दिवस गच्चीवर वाळवला होता. चांगला कोरडा, कुरकुरीत.

हार्डनर दीड टक्का. पंधरा मिनिटांत रेझिन मधासारखं घट्ट व्हायला लागतं, तेवढ्यात धाग्याच्या कानाकोपऱ्यात ते मुरलं पाहिजे. ६६ ग्रॅम म्हणजे किती थोडा धागा, असं वाटतं. पण पसरल्यावर त्याची उशी होते, आणि ती उशी तीन मिलिमीटरमध्ये दाबायची असते. रोलर फिरवला, वर मायलर, वर लोखंडी प्लेट, वर लॅबमधली मिळतील तेवढी वजनं. रेझिनमधल्या स्टायरीनच्या वासाने डोकं चढलं.

दुसऱ्या दिवशी काढलं. देखणं निघालं. मधासारखा रंग, आत धाग्यांची नक्षी. उजेडाकडे धरलं तर मात्र सगळीकडे मोहरीएवढे बुडबुडे. जाडीही ३ ऐवजी ३.२ आली. आम्ही आधी फोटो काढले, बुडबुड्यांचं नंतर म्हटलं.

२४ सप्टेंबर

डंबेल कापले, म्हणजे ओढून तोडायचे तुकडे, टोकं रुंद आणि मधे अरुंद. १६५ मिलिमीटर लांब, मधली कंबर १३ मिलिमीटर. जिगसॉने ढोबळ कापायचं, मग कानस, मग पॉलिश पेपर. कंबरेवर कानशीचा एक आडवा ओरखडा राहिला तरी तुकडा तिथूनच तुटतो, म्हणून शेवटचा हात लांबीच्या दिशेनेच. पाच तुकड्यांना अख्खा दिवस गेला. एवढ्या वेळात आईने शंभर पापड लाटले असते.

१ ऑक्टोबर

फजिती. कॉलेजचं यूटीएम (तुकडा ओढून किंवा दाबून ताकद मोजायचं यंत्र) ४० टनी आहे, टीएमटी सळया ओढायचं. त्याची सगळ्यात खालची रेंज ४० किलोन्यूटन. आमच्या तुकड्याची कंबर १३ × ३.२, म्हणजे ४१.६ चौरस मिलिमीटर. ताण २५-३० मेगापास्कल (म्हणजे दर चौरस मिलिमीटरला तितके न्यूटन) झाला तरी लोड एक-सव्वा किलोन्यूटन. उसाच्या वजनकाट्यावर नथ मोजण्यातला प्रकार. काटा हलला की नाही यावरच आमच्यात वाद झाला आणि तेवढ्यात तुकडा जबड्यात चिरडला गेला.

आघात चाचणीचं यंत्रही पोलादासाठीच. त्याचा लोलक आमच्या तुकड्यातून हवेतून गेल्यासारखा गेला.

सर म्हणाले, बाहेरच्या लॅबची वेळ घ्या. तारीख मिळाली १९ ऑक्टोबर, संभाजीनगरला.

३ ऑक्टोबर

तोवर हात बांधून कोण बसतं? वाकवण्याची चाचणी बादलीने केली, आणि खरं सांगायचं तर या प्रकल्पातला हा माझा सगळ्यात आवडता दिवस.

तुकडा १२.७ मिलिमीटर रुंद, ३.२ जाड. दोन बेंचमध्ये दोन गोल सळया, त्यांच्यातलं अंतर जाडीच्या सोळापट, म्हणजे ५१ मिलिमीटर. मधोमध तारेचा आकडा, आकड्याला बादली, आणि बादलीत मगाने पाणी. एकाने पाणी ओतायचं, एकाने डोळे तुकड्याच्या खालच्या बाजूवर ठेवायचे, कारण तडा तिथूनच सुरू होतो. सातव्या मगानंतर बारीक टिक् टिक्. हे धागे सुटत होते. मग थोडा वेळ काही नाही. नवव्याला कट्कन आवाज आला आणि बादली फरशीवर. पाणी सगळीकडे, पण पाण्याआधी बादलीत किती होतं ते मगावर मोजलेलं. बादलीसकट ९.१ किलो, म्हणजे ८९ न्यूटन. सूत्रात घातलं: सुमारे ५३ मेगापास्कल.

एक गोष्ट तिथेच शिकलो. सूत्रात जाडीचा वर्ग येतो. आम्ही घाईत जाडी ३.२ ऐवजी साच्यावरची ३ धरली होती. तेवढ्याने उत्तर १४ टक्के वाढत होतं. फुकटची ताकद. आता प्रत्येक तुकडा तीन जागी व्हर्नियरने मोजायचा.

१९ ऑक्टोबर

पहाटेची एसटी, अजिंठ्याचा घाट, मांडीवर तुकड्यांची पेटी. लॅबमध्ये तुकडे आधी २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत ४० तास ठेवतात, म्हणून पेटी कुरियरने पुढे पाठवायला हवी होती. ते आज कळलं. तिथल्या मॅडमनी ओरडायचं सोडून हसून सांगितलं, "परवापर्यंत थांबा." मावशीकडे थांबले.

२१ ऑक्टोबर

५ मिलिमीटर प्रति मिनिट वेगाने ओढले. पडद्यावर रेघ सरळ चढते आणि अचानक संपते. वाकणं नाही, लाजणं नाही.

धाग्याचे पाच: २९.१, २५.४, १८.३, ३०.२, २७.५. सरासरी २६.१ मेगापास्कल.

नुसत्या रेझिनचे पाच, धागा अजिबात नाही: सरासरी ३८.४.

म्हणजे ऐंशी किलो खोडं सोलून, एक कुडता घालवून आम्ही प्लास्टिक कमजोर करून दाखवलं.

परतीच्या बसमध्ये आम्ही कुणीच फारसं बोललो नाही. घाटात पार्टनर म्हणाली, "तिसरा तुकडा काढून टाकला तर सरासरी २८ होते."

२२ ऑक्टोबर

तिसऱ्या तुकड्यावरून सरांशी चर्चा, अर्थात वाद. डी ६३८ या प्लास्टिक ओढून तपासायच्या मानकात नियम आहे की दिसत्या दोषापाशी किंवा कंबरेबाहेर तुटलेला तुकडा बाद करून नवा घ्यावा. तिसरा कंबरेतच तुटला, पण मोठ्या बुडबुड्यापाशी. सर म्हणाले, नियमाने बाद. मी म्हटलं, त्याच वाक्याच्या शेवटी आहे की दोष हाच अभ्यासाचा भाग असेल तर नाही. आमच्या पॅनेलमध्ये बुडबुडा हा अपवाद कुठे आहे? तो तर सगळीकडे आहे. एका तुकड्यात तो नेमका कंबरेत सापडला इतकंच. कूलर विकत घेणाऱ्याला आम्ही चांगले चार तुकडे निवडून थोडेच देणार?

सर थोडं थांबले आणि म्हणाले, "दोन्ही सरासऱ्या लिहा. आणि बुडबुडा का आला ते शोधा." ते काम त्यांनी आमच्या गळ्यात टाकलं, ते बरं झालं.

पाण्यात तोलून घनता काढली: १.१४. हिशेबाने यायला हवी १.२३. म्हणजे पॅनेलचा जवळजवळ सात टक्के भाग हवा.

२३ ऑक्टोबर

सापडलं.

त्याच गठ्ठ्यातला गच्चीवर वाळवलेला 'कोरडा' धागा ६६.० ग्रॅम तोलून ८० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवला. वजन बदलायचं थांबेपर्यंत. शेवटी उरला ६०.६. आठ टक्के पाणी! आम्ही हाताने कुरकुरीत म्हणत होतो तो धागा आठ टक्के पाणी पोटात घेऊन रेझिनमध्ये गेला होता. रेझिन घट्ट होताना तापतं, पाण्याची वाफ होते, वाफ अडकते. मोहरीएवढे बुडबुडे ते हेच. शिवाय ओल्या धाग्याला रेझिन चिकटतही नाही.

खरी गंमत पुढे. ओव्हनमधला धागा तसाच काट्यावर राहू दिला. ६०.६०. ६०.६४. ६०.७१. शेवटचा आकडा थांबायलाच तयार नाही. पंखा बंद केला, खिडकी लावली, तरी चढतोच. मामांना वाटलं काटा बिघडला. धागा आमच्या डोळ्यांसमोर हवेतलं पाणी पीत होता. दहा मिनिटांत ६१.३.

नवा नियम: ओव्हनमधून थेट साच्यात. मध्ये चहा नाही.

दिवाळी. १५ दिवस काही नाही.

२६ नोव्हेंबर

ओव्हनमध्ये वाळवलेल्या धाग्याचं पॅनेल. बुडबुडे आहेत, पण शोधावे लागतात. घनता १.२०.

५ डिसेंबर

धाग्यावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया. ५ टक्के द्रावण. आधी पाणी, त्यात कॉस्टिक थोडं थोडं. उलट केलं तर उसळतं. पाण्यात टाकतानाही भांडं हात लावू देत नाही. धागा दोन तास बुडवला, मग धुणं, सौम्य ॲसेटिक ॲसिडचा हात, पुन्हा धुणं, लिटमस दोन्ही बाजूंनी गप्प राहीपर्यंत.

धाग्यावरचं मेण आणि हेमिसेल्युलोज, थोडं लिग्निन निघून जातं. आधी तो बोटांवरून रेशमासारखा सटकायचा, आता किंचित खरखरीत लागतो. त्या खरखरीतपणात रेझिनला पाय रोवायला जागा मिळते. भिंतीला टाचे मारल्याशिवाय प्लास्टर धरत नाही, तसं. फार वेळ ठेवलं तर धागाच खाल्ला जातो. एक झुपका मुद्दाम रात्रभर ठेवला होता. सकाळी तो चिमटीत तुटत होता.

१३ डिसेंबर

थंडी. रेझिन तासाभरानंतरही पातळ. हार्डनर दोन टक्के केला, साच्यावर दोनशेचा बल्ब टांगला. अंडी उबवल्यासारखे बसलो.

९ जानेवारी २०२५

पुन्हा संभाजीनगर. पेटी यावेळी तीन दिवस आधी पोचवली.

फक्त वाळवलेल्या धाग्याची सरासरी ३५. कॉस्टिक आणि ओव्हन दोन्ही: ४३.२, ४०.८, ४४.६, ३९.१, ४२.३. सरासरी ४२.० आणि पाचही आकडे एकमेकांच्या शेजारी. मला सरासरीपेक्षा त्या शेजाराचा आनंद जास्त झाला. बाद करायला कुणी नव्हतंच.

तुटलेली टोकं लॅबमध्ये भिंगाखाली पाहिली. पहिल्या लॉटमध्ये तुटलेल्या काठातून धागे लांबलचक, स्वच्छ बाहेर आलेले. शेजारी त्यांची रिकामी भोकं. म्यानातून तलवार निघावी तसे निघून आले होते, म्हणजे रेझिनने त्यांना धरलंच नव्हतं. नव्या लॉटमध्ये धागे काठापाशीच तुटलेले, अंगाला रेझिनचे कण. ४२ हा आकडा मी विसरेन, हे चित्र नाही.

तरी हुरळायचं नाही. नुसतं रेझिन ३८.४, आम्ही ४२. काचेच्या चटईचं पॉलिस्टर ८०-१०० ला जातं. आमचा धागा आखूड आहे आणि वाटेल त्या दिशेला पडलाय. ओढ एका दिशेने, तर निम्मे धागे आडवे झोपलेले. फरक खरा दिसतो तो आघातात. नुसतं रेझिन काचेसारखं फुटून टेबलाखाली जातं, आमचा तुकडा तुटूनही दोन-चार धाग्यांवर लोंबकळत राहतो. आणि केळीचा धागा वजनाने काचेच्या जवळजवळ निम्मा.

आप्पांना फोनवर सगळं सांगितलं. "म्हणजे काचेपेक्षा कमीच ना?" मग त्यांना पूर्व जर्मनीच्या ट्राबांट गाडीची गोष्ट सांगितली: १९५७ ते १९९१ लाखो गाड्या, आणि बॉडी फिनॉल रेझिनमध्ये कापसाच्या कचऱ्याची. यावर आप्पा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "कापसाचा भाव काय होता तिकडे?"

२१ जानेवारी

'ते नंतर बघू' मधलं नंतर आलं. पाणी.

७६ × २५ मिलिमीटरचे तुकडे, २४ तास बुडवून. ७.४२ ग्रॅमचा तुकडा ७.६९ झाला, ३.६ टक्के. मधला भाग तसाच, पण चारही कडा पांढुरक्या. कापलेल्या कडेला प्रत्येक धाग्याचं तोंड उघडं असतं. पाणी तिथून आत शिरतं आणि धाग्याच्या पोकळीतून पुढे चालत जातं. खोडाला जमिनीतून पाणी वर न्यायची सवय, ती मेल्यावरही सुटत नाही.

पाच डंबेल महिनाभर पाण्यात सोडले. नळाच्या पाण्यात, कूलरला कोण डिस्टिल्ड घालतं?

२४ फेब्रुवारी

भिजलेले डंबेल लॅबला नेले, ओल्या फडक्यात गुंडाळून, कोथिंबीर नेतात तसे. वाटेत वाळले तर सगळंच फुकट. सरासरी ३१. म्हणजे कोरड्याच्या चौथा हिस्सा ताकद पाण्याने नेली. रेघही आता सरळ चढत नाही, वरती जाऊन आळसावते.

आकडा वाईट आहे, पण तोच आकडा कूलरचा आहे. अहवालाच्या पहिल्या पानावर ४२ टाकायचा की ३१, यावर ग्रुपमध्ये मतदान झालं. ३१ जिंकला, तीन विरुद्ध एक. ती एक कोण ते लिहीत नाही, पण ती पार्टनरच आहे आणि तिला अजूनही तिसरा तुकडा खुपतो.

३ मार्च

कडांना नुसत्या रेझिनचे दोन हात दिले, मधे एकदा पॉलिश पेपर. २४ तासांत ७.५१ चा ७.६१, म्हणजे १.३ टक्के. एका ब्रशचं काम! सर म्हणाले, "हे आधी सुचलं असतं तर महिना वाचला असता." खरं आहे, पण महिना भिजवलं नसतं तर सुचलं नसतं.

२२ मार्च

होळी झाली, ऊन तापलं, माळ्यावरचा कूलर खाली आला. टाकीवरचा गंजलेला हातभर पत्रा कापून तिथे पॅनेल बसवलं. कडा सील केलेल्या, सहा स्क्रू, कूलरचं गवत नवं. आप्पांनी बोटाने टकटक करून पाहिलं. "आवाज बरा आहे." पत्र्यासारखा खणखणत नाही, हे काकूंनाही आवडलं, त्यांची खाट कूलरला लागूनच असते.

६ एप्रिल

सुट्टीत घरी आले ते थेट कूलरपाशी. कडा उत्तम. पण प्रत्येक स्क्रूभोवती आठाण्याएवढं पांढुरकं वर्तुळ. व्हर्नियर लावला: पॅनेल ३.२, वर्तुळात ३.४.

महिनाभर कडांचा अभ्यास करून, चारही बाजू बंद करून, शेवटी ड्रिल घेऊन आम्हीच सहा नव्या कडा उघडून दिल्या होत्या.

आप्पा मागे उभे होते. "बोलले नव्हते का तुझे सर पाण्याचं?"

पॅनेल काढून उन्हात ठेवलंय. दोन दिवसांनी घरगुती ओव्हनऐवजी पत्र्याच्या डब्यात बल्ब लावून वाळवायचं, वजन थांबेपर्यंत. भोकं दोन मिलिमीटरने मोठी करून रेझिनने पूर्ण भरायची, सुकल्यावर त्याच रेझिनमध्ये स्क्रूची बारीक भोकं पाडायची, म्हणजे स्क्रू धाग्याला शिवणारच नाही. वॉशरखाली रबर. हार्डनर हॉस्टेलवर राहिलाय. पार्टनर सोमवारी येताना आणतेय, वेगळ्या पिशवीत.